शुगर विचारता, बीपी विचारता, तंबाखूचं काय?

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

विषय : हाडांच्या आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियेच्या केसपेपरवर तंबाखूची नोंद घेण्याबाबत

महोदय,



तुम्हा दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, कारण मोडलेलं हाड महापालिकेची हद्द पाहत नाही. डोंबिवलीचा माणूस घोडबंदर रोडवर बाइकवरून पडतो, ठाण्याचा कल्याण-शीळ रस्त्यावर. टिटवाळ्याचा पेशंट कळव्यात दाखल होतो. त्यामुळे एका महापालिकेनं मनावर घेतलं आणि दुसरीनं कानाडोळा केला, तर फारसं काही हाती लागायचं नाही.

म्हणणं थोडक्यात असं. हाडाच्या किंवा सांध्याच्या ऑपरेशनआधी पेशंटची शुगर तपासली जाते, बीपी मोजलं जातं, हिमोग्लोबिन पाहिलं जातं. तंबाखूबद्दल मात्र विचारलं तर विचारलं. आणि विचारलंच, तरी त्या उत्तराचं पुढे काही होत नाही. हाड वेळेत जुळेल की रखडेल, टाके सुकतील की पू धरेल, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यांत सिगारेट-बिडीचा नंबर फार वर आहे. तिला केसपेपरवर शुगरच्या शेजारी जागा द्या आणि शुगरसारखंच तिच्याकडे बघा, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, टेंडर काढावं लागत नाही.

आपल्या पट्ट्यात हाडं मोडायला निमित्तांची कमी नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचे जीव गेले, बाकीचे जखमी झाले. त्या दिवशी सगळ्या राज्याचं लक्ष इकडे होतं. एरवीचे अपघात बातमीत येत नाहीत. पावसाळ्यात खड्डा चुकवताना घसरलेली बाइक, कल्याण-शीळ रस्त्यावर डंपरनं दिलेली धडक, एमआयडीसीत यंत्रात सापडलेला हात, परांचीवरून कोसळलेला मजूर, बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय सरकून खुबा मोडलेली आजी. त्यात ठरवून होणाऱ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनांची भर. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत चढ-उतार करत आणि लोकलचे पूल पालथे घालत ज्या पिढीनं नोकऱ्या केल्या, तिचे गुडघे आता झिजून उत्तर देऊ लागले आहेत.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही रुग्णालयं तुमच्या ताब्यातली. त्यांच्यावर बोट ठेवायला हे पत्र लिहिलेलं नाही. जे सांगतो आहे ते सरकारी आणि खासगी, दोन्हीकडचं आहे. सुरुवात तुम्ही केलीत तर खासगीवाल्यांना मागे राहणं जड जाईल, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

माझा आतेभाऊ कल्याणला शेअर रिक्षा चालवतो. मागे एका पावसाळ्यात त्याच्या नडगीचं हाड मोडलं. खासगी रुग्णालयात रॉड टाकला. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर चांगले होते, बिलही वाजवी होतं. घरी सोडताना मिळालेला कागद अजून आमच्याकडे आहे. वर नाव, वय, दाखल झाल्याची तारीख. त्याखाली गोळ्या. मग छापील सूचना : पाय उशीवर उंच ठेवावा. पायावर भार देऊ नये. ड्रेसिंग ओले होऊ देऊ नये. ताप आल्यास किंवा पू दिसल्यास त्वरित दाखवावे. आहारात दूध, अंडी, कडधान्ये घ्यावीत. सगळ्यात खाली शिक्का आणि सही. सूचना चोख आहेत, पण अंडी खायची आठवण करून देणाऱ्या त्या कागदावर सिगारेटचा ‘स’सुद्धा नाही.

तो दिवसाला सात-आठ ओढायचा. घरी बसल्यावर त्या वाढल्या. धंदा बंद, रिक्षाचा हप्ता चालू, दिवसभर खिडकीशी बसून माणूस करणार काय? स्टँडवरचे मित्र भेटायला यायचे ते एका हातात शहाळं आणि खिशात पाकीट घेऊन. पाचव्या महिन्यातल्या एक्स-रेत फटीची काळी रेघ जशीच्या तशी होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, पेनाच्या टोकानं ती रेघ दाखवली आणि पहिल्यांदाच विचारलं, “सिगारेट ओढता का?” वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. पुढे दुसरं ऑपरेशन झालं. जुना रॉड काढून जाड रॉड टाकला, कमरेच्या हाडाचा चुरा काढून फटीत भरला. रिक्षा बराच काळ दुसऱ्याच्या हातात राहिली.

सिगारेटमुळेच त्याचं हाड रखडलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नडगीचं हाड मुळातच हट्टी आणि त्याचा मारही जबर होता. पण जी एक गोष्ट त्याच्या हातात होती, ती त्याला पाच महिने कुणी सांगितलीच नाही, हे मात्र खरं.

रॉड, प्लेट आणि स्क्रू हाड जुळवतात, असा आपला सगळ्यांचा समज असतो. धातूची ही सामग्री म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग. वरचं काँक्रीट पक्कं होईपर्यंत आधार द्यायचा, एवढंच तिचं काम. स्लॅबला ताकद येते ती रोजच्या रोज पाणी मारल्यानं. आपल्याकडे ज्याच्या शेजारी इमारत उठली नाही असा माणूस विरळा, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगायला नको. हाडाला लागणारं पाणी म्हणजे रक्त.

हाड मोडल्याबरोबर फटीत रक्त साकळतं. त्या गाठीत नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्यामागून पेशी येतात आणि दोन-तीन आठवड्यांत मऊसर जोड धरतो. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. पुढे त्यात कॅल्शियम भरत जातं आणि तो कडक होतो. मनगटाला यासाठी सहा-एक आठवडे पुरतात, नडगीला बहुतेकदा चार ते सहा महिने लागतात. सिगारेट यातल्या प्रत्येक पायरीवर आडवी येते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. म्हणजे आधीच कमी रक्त पोचतं, आणि पोचतं तेही अर्धपोटी. हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर ओसरतो. नडगीच्या पुढच्या बाजूला तर मांसच नाही, हाड थेट कातडीखाली. तिथला रक्तपुरवठा धडधाकट माणसातही बेताचाच असतो. दुचाकीच्या अपघातात नेमकं तेच हाड मोडतं, आणि पुष्कळदा कातडी फाटून बाहेर येतं.

बिडी पानाची म्हणून साधी, हाही एक गोड गैरसमज आहे. भिवंडीच्या गोदामांत पेट्या उचलणाऱ्या हमालांपासून बांधकामावरच्या मिस्त्रीपर्यंत अनेकांना तो असतो. निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत बिडी सिगारेटला हार जाणारी नाही. आणि कॉलेजची मुलं लपूनछपून ओढतात त्या व्हेपवर देशात २०१९ पासून बंदी असली, तरी निकोटीन तिच्यातही असतंच.

हे झालं हाडाचं शास्त्र. आता पेशंटांमध्ये काय दिसलं ते पाहू. अमेरिकेत पाय वाचतो की कापावा लागतो अशा जबर जखमांचा ‘लीप’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कधीच न ओढणाऱ्यांशी तुलना करता ओढणाऱ्यांचं हाड जुळण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी निघाली. त्यांच्यात जंतुसंसर्ग दुपटीहून जास्त झाला, आणि हाडातच जंतू घर करून बसण्याचा धोका ३.७ पट होता. ज्यांनी पूर्वी ओढून सोडली होती, त्यांचीही हाडं न ओढणाऱ्यांपेक्षा मागेच राहिली. म्हणजे सवय जितकी लवकर सुटेल तितकं बरं.

यापुढचा अभ्यास तुमच्या थेट उपयोगाचा आहे. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी तो २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. खुबा किंवा गुडघा बदलण्यासाठी नाव लागलेले, सिगारेट ओढणारे १२० पेशंट त्यांनी घेतले. निम्म्यांना ऑपरेशनच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला मदत केली, म्हणजे नियमित समुपदेशन आणि जोडीला निकोटीनचे पर्याय. उरलेल्यांना नेहमीसारखीच वागणूक मिळाली. ऑपरेशननंतर नेहमीच्या गटात ५२ टक्के पेशंटना काही ना काही गुंतागुंत झाली, मदत मिळालेल्या गटात १८ टक्के. जखमेच्या तक्रारी पाहिल्या तर इकडे ३१ टक्के, तिकडे ५. बोलून, धीर देऊन आणि निकोटीनचे पर्याय देऊन एवढा फरक पडतो, ही बातमी तेवीस-चोवीस वर्षं जुनी आहे.

यावर कुणी म्हणेल, ठरवून होणाऱ्या ऑपरेशनचं ठीक आहे. रस्त्यावर पाय मोडून आलेल्याला सहा आठवडे आधी कुठून आणणार? त्याचंही उत्तर आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या रुग्णालयांत अपघाताच्या फ्रॅक्चरवर ऑपरेशन झालेल्यांना दाखल झाल्यापासून सहा आठवडे मदत दिली गेली. ते निष्कर्ष २०१० मध्ये आले. मदत न मिळालेल्यांत ३८ टक्क्यांना गुंतागुंत झाली, मिळालेल्यांत २० टक्क्यांना. हाड मोडल्यावर सोडली तरी फायदा होतो. म्हणूनच ‘आता काय उपयोग’ हे वाक्य वॉर्डात कुणाच्या तोंडी येता कामा नये.

ठरवून होणाऱ्या ऑपरेशनांबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की निदान चार आठवडे आधी सोडली, तर गुंतागुंतीचा धोका कमी होतो, आणि त्यापुढचा प्रत्येक तंबाखूमुक्त आठवडा आणखी फायद्याचा ठरतो. सरकारी रुग्णालयात गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळायला लागणाऱ्या वेळेच्या नावानं आपण एरवी बोटं मोडतो. तोच वेळ इथे कामाला लावता येईल. तारीख देतानाच तंबाखू बंद करण्याची तारीखही लिहून द्या.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर पैशांचंही बोलतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा घरोघरी हायसं वाटलं. सांधा स्वस्त झाला, पण बिघडलेला सांधा आजही तितकाच महाग आहे. धातूवर एकदा जंतू बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि अँटिबायोटिक आत पोचत नाही. मग अनेकदा बसवलेला सांधा काढावा लागतो, काही आठवडे-महिने जंतू मारण्यात जातात, त्यानंतर नवा बसवायचा. त्या काळात पेशंट अंथरुणाला आणि घरचं एक माणूस पेशंटला खिळलेलं. हा खर्च कुठल्याही मर्यादेत बसत नाही.

आता खास आपल्याकडचं. वर सांगितलेले अभ्यास परदेशांतले आहेत, आणि तिथे तंबाखू म्हणजे मुख्यतः सिगारेट. महाराष्ट्राचं गणित उलटं आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू वापरताना आढळले. त्यांत ओढणारे अवघे ३.८ टक्के, आणि खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. नुसतं ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारलं, तर आपल्याकडचे बहुतेक तंबाखूवाले खरं बोलूनही सुटतात. गालात चुना-तंबाखूचा बार भरलेला माणूस ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो थापा मारत नसतो. खुबा मोडलेली आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तिची गणना तंबाखूवाल्यांत करायची, हे तिच्या मुलांच्या तर नाहीच, तिच्या स्वतःच्याही मनात येत नाही. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असते. ती दात घासण्याच्या नावाखाली येते, म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही.

खाण्याच्या तंबाखूत धूर नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडही नाही. पण निकोटीन आहे, आणि ते गालातून, हिरडीतून सरळ रक्तात जातं. हाडांच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा धुराविरुद्ध आहे हे मान्य. तरी ऑपरेशनच्या जखमेला जे रक्त लागतं, ते पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या आवळणारी गोष्ट तोंडात धरून बसायला कुठलाच डॉक्टर सांगणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. कुठल्याही सार्वजनिक इमारतीच्या जिन्याचा कोपरा बघितला की ती कितपत पाळली जाते हे कळतं.

सोडायची म्हटलं तर मदत कुठे मिळते, हेही लोकांना माहीत नसतं. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर हा नंबर छापला जातो. पण आपल्याकडे अख्खं पाकीट घेतं कोण? टपरीवर बरण्यांच्या रांगेत फोडलेलं पाकीट उभं असतं आणि खांबाला दोरीनं लायटर लटकत असतो. एक घेतली, वाकून पेटवली, पाच रुपये सुटे परत घेतले आणि चालू लागला. सडलेल्या घशाचं चित्र टपरीवाल्याकडे राहिलं आणि हेल्पलाइनचा नंबरही. हेच थांबवण्यासाठी राज्य सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ती बंदी शोधायला ठाणे स्टेशनच्या बाहेर सॅटिस पुलाखाली किंवा डोंबिवली स्टेशनच्या कुठल्याही जिन्यापाशी उभं राहा; लायटरची दोरी हलताना दिसेल, बंदी दिसणार नाही. म्हणूनच तो नंबर पाकिटावरून उचलून डिस्चार्ज कार्डवर यायला हवा.

रुग्णालयाच्या दाराशी असलेल्या टपरीबद्दलही बोलायला हवं. वॉर्डात धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंडही आहे. आत कुणी पेटवत नाही. पेशंटचे नातेवाईक, आणि कुबड्या हाताशी आल्या की पेशंटही, गेटबाहेर जातात. कायद्यात १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे ती शिक्षणसंस्थांभोवती, रुग्णालयांभोवती नाही. पण कळव्याच्या रुग्णालयाच्या आवारातच तुमचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाविद्यालय म्हणजे शिक्षणसंस्था. तेव्हा तिथे नवा नियम करायची गरज नाही, आहे तो पाळला तरी गेट मोकळं होईल. रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगरच्या दाराशी असलेल्या टपऱ्यांचा परवाना, जागा, अतिक्रमण यांपैकी काही ना काही महापालिकेच्याच टेबलावरून जातं. टपरीवाल्याच्या पोटावर पाय द्या, असं मी म्हणत नाही. चहा, बिस्किटं, शहाळी, केळी त्याला बेलाशक विकू द्या. गेटापासून शंभर पावलांत तंबाखू नको, एवढंच.

या मागणीवर येणाऱ्या हरकती मला ठाऊक आहेत.

पहिली म्हणजे डॉक्टरांना वेळ नाही. खरं आहे. हाडांच्या ओपीडीत रांग दाराबाहेर जाते, तिथे सर्जनकडून समुपदेशनाची अपेक्षा धरणं चूक आहे. पण हे सर्जननं करायचं कामच नाही. शुगर तरी सर्जन कुठे तपासतात? दाखल करताना सिस्टर जे विचारतात, त्यात आणखी तीन प्रश्न. “दादा, बिडी-सिगारेट ओढता का? तंबाखू-गुटखा खाता का? मावशी, मिश्री लावता का?” उत्तर ‘हो’ असेल तर ‘शेवटची कधी?’ एवढं लिहून घेतलं की पुढचं काम समुपदेशकाचं. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत तंबाखू सोडवणाऱ्या केंद्रांची तरतूद आहेच. हाडांच्या वॉर्डातून तिकडे चिठ्ठी गेली पाहिजे. कळव्यात तर शिकणारी मुलं हाताशी आहेत. त्यांच्यासाठी याहून चांगला धडा नाही.

दुसरी हरकत नातेवाइकांची : “आधीच पाय मोडलाय, टेन्शन आहे, त्यात सिगारेट कुठे सोडायला सांगता?” माणूस घरी, कामावर, नाक्यावर असतो तेव्हा सोडणं अवघड असतं. वॉर्डात त्याचा नाका सुटलेला असतो, चहा-सिगारेटची जोडी तुटलेली असते, आणि पाय वाचवायची इच्छा सर्वांत तीव्र असते. एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बहुतांश उतरतो. तलफ आली की निकोटीनचं च्युइंगम किंवा पॅच देता येतो. तलफेच्या औषधात निकोटीन असलं तरी धूर नसतो, आणि ते डॉक्टरांच्या नजरेखाली मोजून दिलं जातं. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीनचे पर्याय आलेले आहेत. तुमच्या औषध भांडारात ते ठेवायला त्यामुळे कुणाची आडकाठी नसावी.

तिसरी हरकत मला महत्त्वाची वाटते. उद्या या नोंदीचा आधार घेऊन पेशंटला परत पाठवलं जाईल, ‘आधी सोडून या, मग बघू’ असं ऐकवलं जाईल, किंवा चारचौघांत पाणउतारा होईल. तसं झालं तर लोक लपवतील, आणि लपवलेली तंबाखू विचारलेल्या तंबाखूपेक्षा वाईट. म्हणून आदेशात स्वच्छ लिहा की तंबाखूच्या कारणानं कुणाचंही तातडीचं ऑपरेशन लांबवलं जाणार नाही आणि कुणालाही सुविधा नाकारली जाणार नाही. शुगर वाढलेल्या माणसाला आपण रागावून घरी पाठवत नाही. शुगर आटोक्यात आणतो. तीच रीत इथे.

आणि ‘त्याचं हाड, त्याची मर्जी’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन : मर्जी चालवायला आधी माहिती लागते. माझ्या आतेभावाला ती मिळाली असती आणि तरीही त्यानं सिगारेट ओढली असती, तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

तेव्हा मागण्या अशा :

१. तिन्ही रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर ओढणे, खाणे आणि मिश्री लावणे यांची वेगवेगळी नोंद व्हावी.

२. खुबा, गुडघा, मणका अशा ठरवून होणाऱ्या ऑपरेशनची तारीख देताना किमान चार आठवडे आधीची ‘तंबाखू बंद’ची तारीख त्याच कागदावर लिहून द्यावी आणि त्याच दिवशी समुपदेशकाची गाठ घालून द्यावी.

३. फ्रॅक्चरच्या पेशंटला दाखल झाल्या दिवसापासून मदत सुरू व्हावी, आणि ड्रेसिंगच्या व एक्स-रेच्या प्रत्येक फेरीला, हाड जुळेपर्यंत, पुन्हा विचारणा व्हावी.

४. डिस्चार्ज कार्डवर मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ छापावी : हाड जुळेपर्यंत बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री पूर्ण बंद. मदतीसाठी १८००-११-२३५६.

५. निकोटीनचे पर्याय रुग्णालयाच्या औषध भांडारात उपलब्ध असावेत.

६. कळव्यात १०० यार्डांचा नियम पाळला जावा, आणि कल्याण-डोंबिवलीत रुग्णालयांच्या दाराशी तंबाखूविक्री होऊ नये यासाठी महापालिकेनं स्वतःहून पाऊल उचलावं.

यांतलं काही तुमच्याकडे आधीच होत असेल, तर आनंदच आहे. मग ते पेशंटला दिसेल असं करा आणि खासगी रुग्णालयांनाही तसं करायला सांगा.

दर ३१ मे ला जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो. प्रभातफेरी निघते, रांगोळ्या घातल्या जातात, हात पुढे करून शपथ होते, फोटो छापून येतात. येत्या ३१ मे ला त्याच्या जोडीनं एक तक्ता महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. अस्थिरोग विभागात किती पेशंट आले, किती जणांना विचारलं, किती जणांनी सोडायची तयारी दाखवली, किती जणांची सुटली, किती जणांना दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं. आकडे पहिल्या वर्षी वाईट असले तरी चालतील. विचारायला सुरुवात झाली, एवढं तरी त्यातून कळेल.

आणि निधी नाही असं उत्तर येणार असेल, तर केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डं नव्यानं छापण्याचा खर्च आम्ही नागरिक वर्गणी काढून उभा करू. डोंबिवलीकरांना आणि ठाणेकरांना वर्गणी काढायचा दांडगा सराव आहे. फक्त पावतीपुस्तकावर कुणाचा शिक्का चालेल, तेवढं कळवा.

कळावे,

आपला,
एक डोंबिवलीकर